नाक्यावरचं कोबान : जपानी पोलीस आणि परदेशी शेजारी

जपानमध्ये नव्यानं राहायला गेलेल्या माणसाची पोलिसांशी पहिली गाठ बहुधा पत्ता विचारताना पडते. तोक्योतल्या बहुतेक गल्ल्यांना नावंच नाहीत. वॉर्ड, वस्ती, गट आणि मग इमारतीचा क्रमांक अशा उतरंडीनं पत्ता लिहिला जातो. नवखा माणूस त्यात हमखास चुकतो आणि नाक्यावर लाल दिवा लावलेल्या एका छोट्या चौकीत शिरतो. आतला पोलीस उठून उभा राहतो, भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर बोट ठेवतो, आणि भाषा जुळली नाही तर कागदावर वळणं काढून देतो. या चौकीला कोबान म्हणतात. आता प्रत्येकाच्या फोनवर नकाशा असला तरी कोबानशी संबंध सुटत नाही. सायकल चोरीला जाते, पाकीट गाडीत राहतं, वरच्या मजल्यावरून गोंगाटाची तक्रार येते, आणि पावलं पुन्हा तिकडेच वळतात.

परदेशात घर करणारा माणूस त्या देशाची संसद किंवा न्यायालयं क्वचितच पाहतो. राज्यसंस्था त्याला भेटते ती वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत आणि पोलिसाच्या गणवेशात. जपानच्या सुरक्षिततेचं कौतुक आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. पण ही सुरक्षितता घडते कशी आणि तिची किंमत कोण मोजतं, हे परदेशस्थाला अधिक स्पष्ट दिसतं. तिचा लाभ त्याला रोज मिळतो, आणि संशयाची नजरही आधी त्याच्यावरच पडते.

निशी-कासाईची वस्ती

मराठी माणसाचा या विषयाशी संबंध तोक्योच्या पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डात येतो. सन २००० च्या सुमारास संगणकांतल्या ‘वायटूके’ दुरुस्तीसाठी भारतीय अभियंते मोठ्या संख्येनं जपानला गेले. त्यांची कार्यालयं ओतेमाचीच्या आसपासच्या बँकांत आणि कंपन्यांत होती. तोझाई मार्गावरच्या निशी-कासाई स्टेशनवरून तिथं वीसेक मिनिटांत पोचता येई आणि घरभाडंही आवाक्यातलं होतं. हळूहळू तिथं भारतीय वाणसामानाची दुकानं आली, शाळा आल्या, दिवाळीचा मेळा भरू लागला. मराठी घरातून गेलेले आणि पुढे जपानी नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. भारतीय वंशाच्या माणसानं जपानमध्ये निवडणूक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. २०२४ अखेर जपानमधल्या परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाखांवर गेली, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण ३ टक्के. त्यांत भारतीय ५० हजारांहून जास्त.

या वस्तीतल्या आईवडिलांना सगळ्यात आधी जाणवतो तो मुलांचा मोकळेपणा. पहिलीतलं मूल पाठीवर चौकोनी दप्तर आणि त्यावर पिवळं आवरण घेऊन शाळेत चालत जातं, सोबत मोठं माणूस नसतं. वाटेवरच्या काही घरांवर आणि दुकानांवर ‘मुलांसाठी ११०’ अशा अर्थाची पाटी असते. ११० हा पोलिसांचा क्रमांक. रस्त्यात भीती वाटली तर मुलानं त्या दारात धाव घ्यायची, आणि तिथल्या माणसानं त्याला आत घेऊन पोलिसांना फोन करायचा, असा संकेत आहे. संध्याकाळी वॉर्डाच्या ध्वनिक्षेपकांवरून एक धून वाजते आणि मुलं खेळ आवरून घरी निघतात. भूकंपाची सूचना देणारी ही यंत्रणा अशा रीतीनं रोजच तपासली जाते. मुलांचा मोकळेपणा अशा अनेक हातांनी सांभाळलेला आहे, त्यातले फार थोडे हात पोलिसांचे.

कोबान चालतं कसं

तोक्योचं पोलीस खातं १८७४ साली उभं राहिलं. त्याची आखणी करणारे कावाजी तोशियोशी त्याआधी युरोपात जाऊन तिथली, विशेषतः फ्रान्सची पोलीसव्यवस्था पाहून आले होते. पोलिसांनी ठरावीक नाक्यांवर आळीपाळीनं उभं राहायचं, ही प्रथा त्याच काळातली. पुढे नाक्यावर खोली आली आणि तिचं कोबान झालं. खेड्यांसाठी चुझाइशो नावाची वेगळी सोय झाली. तिथं पोलीस कुटुंबासह चौकीतच राहतो, आणि तो गस्तीला गेला की आलेल्या माणसाशी अनेकदा त्याची बायको बोलते. आज देशात सुमारे ६ हजार कोबान आहेत आणि जवळपास तितकीच चुझाइशो. एकट्या तोक्योत ८०० हून अधिक कोबान आहेत.

कोबानचं खरं काम गुन्हा घडण्याच्या आधीचं असतं. तिथले पोलीस सायकलवरून किंवा पायी आपल्या हद्दीत फिरतात. लोक त्यांना ‘ओमावारी-सान’ म्हणतात, म्हणजे फेरी घालणारे. ते अधूनमधून घरोघरी जातात, स्वतःची ओळख करून देतात, घरात कोण राहतं आणि अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं याचं एक कार्ड भरून घेतात. कार्ड भरणं सक्तीचं नाही, पण बहुतेक जपानी कुटुंबांना त्यात वावगं वाटत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची विचारपूस होते, गल्लीतला दिवा बंद पडल्याचं कळतं. तोक्योत पाकीट हरवलेल्या माणसाला घरी जाण्यापुरते, साधारण १ हजार येनपर्यंत पैसे उसने देण्याचीही सोय आहे. चौकीबाहेरच्या फलकावर आदल्या दिवशी शहरात अपघातांत किती जण मेले आणि किती जखमी झाले याचे आकडे रोज बदलले जातात.

अमेरिकी अभ्यासक डेव्हिड बेली यांनी १९७० च्या दशकात या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, आणि जगभरचे पोलीस अधिकारी कोबान पाहायला येऊ लागले. सिंगापूरनं १९८३ पासून याच धर्तीवर वस्तीतल्या पोलीस चौक्या सुरू केल्या. ब्राझीलच्या साव पावलोत आणि इंडोनेशियातही जपानच्या मदतीनं प्रयोग झाले. चौकी बांधणं त्यातला सोपा भाग. त्याच पोलिसाला त्याच गल्लीत फिरायला वेळ मिळतो का, यावर बाकी सगळं अवलंबून असतं.

हरवलेलं परत मिळतं, त्यामागे कायदा आहे

रेल्वेत विसरलेली बॅग जशीच्या तशी परत मिळाली, अशी गोष्ट जपानला जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. याचं सगळं श्रेय जपानी स्वभावाला देऊन आपण थांबतो आणि त्यामागची व्यवस्था पाहायची राहून जाते. हरवलेल्या वस्तूंचा तिथं स्वतंत्र कायदा आहे. सापडलेली वस्तू सात दिवसांच्या आत पोलिसांकडे दिली तर देणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो. मालक सापडला तर त्यानं किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस द्यायचं. तीन महिन्यांत मालक आलाच नाही तर वस्तू सापडणाऱ्याची होते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, डिसेंबर २००७ पासून ती तीन महिन्यांवर आली. फोन, ओळखपत्रं यांसारख्या खासगी माहिती असलेल्या वस्तू मात्र सापडणाऱ्याला मिळत नाहीत.

कोबानमध्ये जमा झालेली वस्तू, कुठं आणि कधी सापडली त्या तपशिलासह संगणकात नोंदली जाते आणि काही दिवसांनी इइदाबाशीच्या मध्यवर्ती केंद्रात जाते. २०१८ साली एकट्या तोक्योत अशा ४१ लाखांहून अधिक वस्तू पोलिसांकडे आल्या. रोख रकमेचा आकडा ३८० कोटी येनांच्या घरात होता आणि त्यातली बहुतांश रक्कम मालकांना परत मिळाली. त्याच वर्षी ३ लाखांहून अधिक छत्र्या जमा झाल्या, त्यांतल्या जेमतेम १ टक्का छत्र्या मालकांनी परत नेल्या. प्रामाणिकपणा सोपा व्हावा अशी ही रचना आहे. चौकी जवळ असते, नोंद पाच-दहा मिनिटांत होते, आणि वस्तू आणून देणाऱ्याकडे कुणी संशयानं बघत नाही.

सायकलवरची पिवळी पट्टी

परदेशस्थाला या व्यवस्थेची दुसरी बाजू पहिल्यांदा दिसते ती सायकलवर. जपानमध्ये सायकलची नोंदणी १९९४ पासून बंधनकारक आहे. दुकानदार नाव-पत्ता लिहून घेतो, थोडे पैसे घेतो आणि सांगाड्यावर क्रमांकाची पट्टी चिकटवतो. तोक्योत ही पट्टी बहुधा पिवळी असते. देशातल्या नोंदलेल्या गुन्ह्यांत सायकलचोरीचा वाटा मोठा असल्यानं पोलीस ही पट्टी बारकाईनं पाहतात.

चित्र साधारण असं असतं. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या तरुणाला दोन पोलीस हात दाखवून थांबवतात. बोलणं अदबीचं असतं. एक जण विजेरीच्या उजेडात पट्टीवरचा क्रमांक वाचून वायरलेसवर सांगतो. दुसरा बोलत उभा राहतो : कुठून आलात, कुठं राहता, कार्ड दाखवता का? पलीकडून नोंदणीतलं नाव येतं आणि ते तरुणाच्या नावाशी जुळलं की दोन मिनिटांत सुटका होते. पण कंत्राट संपवून पुण्याला परतलेल्या मित्रानं जाताना सायकल देऊन टाकलेली असेल, तर नाव त्या मित्राचंच निघतं, आणि पुढची चौकशी कोबानमध्ये बसून होते. रस्त्याकडेला महिनोन्महिने पडून असलेली सायकल उचलून वापरणं हा तर सरळ गुन्हाच. दुसऱ्याची हरवलेली वस्तू बळकावल्याबद्दल तिथं एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून सायकल देताना जुनी नोंदणी रद्द करायची, दिल्याचा सहीचा कागद सोबत ठेवायचा आणि नव्या नावानं नोंदणी करायची, हे निशी-कासाईतले जुने लोक नव्यांना आवर्जून सांगतात.

सायकलीचे नियम गेल्या काही वर्षांत कडकही झाले आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून सायकल चालवताना फोन हातात धरून वापरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो. खिशातल्या चाकूचा नियमही कडकच आहे. पात्याची लांबी ६ सेंटिमीटरहून जास्त असेल आणि चाकू जवळ बाळगायला सबळ कारण नसेल, तर तो बाळगणंच गुन्हा ठरतं. सहलीत फळं कापायला घेतलेला चाकू पिशवीतच राहून गेला, ही सबब चालेलच असं नाही.

नजर कुणावर पडते

सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या बहुतेक परदेशी रहिवाशांनी झाइर्यू कार्ड, म्हणजे निवासाचं ओळखपत्र, सदैव जवळ ठेवायचं असतं. ही पद्धत जुलै २०१२ मध्ये सुरू झाली. कार्ड जवळ नसेल तर २ लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो. जपानी नागरिकावर असं कोणतंही बंधन नाही. रस्त्यात थांबवून विचारपूस करण्याचा अधिकार पोलिसांना १९४८ च्या कायद्यानं दिला आहे. माणसाच्या वागण्यात संशयाला वाजवी कारण असलं तरच तो वापरायचा असतो, आणि कायद्यानं उत्तर देणं ऐच्छिक असतं. पण कार्ड दाखवणं परदेशी माणसाला सक्तीचं असल्यानं त्याच्या बाबतीत हा ऐच्छिकपणा कागदावरच राहतो.

नुसत्या दिसण्यावरून थांबवलं जातं, ही तक्रार जुनी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकी दूतावासानं आपल्या नागरिकांना त्याबद्दल जाहीर सूचना दिली. २०२२ साली तोक्यो बार असोसिएशननं परदेशी मूळ असलेल्या रहिवाशांना प्रश्न विचारले. दोन हजारांहून अधिक जणांनी स्वेच्छेनं उत्तरं दिली आणि त्यांतल्या सुमारे ६३ टक्के लोकांनी गेल्या पाच वर्षांत पोलिसांनी अडवल्याचं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी वंशाच्या तिघांनी याविरुद्ध तोक्योच्या न्यायालयात दावा दाखल केला. त्यांच्यातला एक जण जपानी नागरिक होता. पोलीस सभ्यपणेच बोलतात, हे बहुतेक सगळे मान्य करतात. पण महिन्यातून दोनदा, शेजाऱ्यांच्या देखत, सभ्यपणे अडवलं जाण्यानं माणूस त्या गल्लीत पाहुणाच राहतो.

तेवीस दिवस

अटक झाली तर चित्र पालटतं. पोलीस ४८ तासांत प्रकरण सरकारी वकिलाकडे देतात. तो २४ तासांत कोठडी मागतो. न्यायाधीश आधी १० आणि मग आणखी १० दिवस देऊ शकतो. आरोप ठेवण्याआधीच असे २३ दिवस होतात, आणि दुसरा आरोप लावून पुन्हा अटक केली तर मोजणी नव्यानं सुरू होते. हे दिवस बहुधा पोलीस ठाण्याच्याच कोठडीत जातात. चौकशीच्या वेळी वकील शेजारी बसू शकत नाही. खटला उभा राहिला तर दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे. खात्री नसलेली प्रकरणं सरकारी वकील न्यायालयात नेतच नाहीत, हे त्याचं एक कारण. पण त्यामुळे सगळा भार कबुलीजबाबावर पडतो.

हा भार किती जीवघेणा ठरू शकतो ते इवाओ हाकामादा यांच्या प्रकरणात दिसलं. १९६६ साली अटक झालेल्या या माजी मुष्टियोद्ध्याकडून दीर्घ चौकशीत कबुली घेतली गेली आणि १९६८ साली त्यांना फाशीची शिक्षा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये फेरखटल्यात ते निर्दोष सुटले तेव्हा त्यांचं वय ८८ होतं. २०१८ साली मोटार कंपनीचे प्रमुख कार्लोस गोन यांना अटक झाल्यावर परदेशी पत्रकारांनी या कोठडीवर भरपूर लिहिलं, पण हाकामादा जपानीच होते. व्यवस्थेची ही कठोर बाजू सगळ्यांसाठी सारखी आहे. परदेशी माणसाला ती जास्त लागते, कारण त्याला भाषा येत नाही आणि नोकरीसोबत व्हिसाही टांगणीला लागतो.

म्हणून तीन गोष्टी प्रत्येक परदेशस्थाला ठाऊक असाव्यात. वकील संघटनेतर्फे अटकेत असलेल्या माणसाला एकदा विनामूल्य वकील भेटतो. ही सोय १९९२ पासून देशभर आहे आणि ती मागून घ्यावी लागते. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क असतो. आणि न कळलेल्या मजकुरावर सही करायची नसते, दुभाषी मागायचा असतो.

आकड्यांत न दिसणारं

जपानमध्ये नोंदलेले गुन्हे २००२ साली साडेअठ्ठावीस लाखांवर गेले होते. २०२१ साली ते पावणेसहा लाखांच्या आत आले. वस्तीतल्या लोकांची गस्तीपथकं, कॅमेरे, पक्की कुलपं आणि लोकसंख्येचं वाढतं वय अशी त्याची अनेक कारणं आहेत. त्यानंतर आकडा पुन्हा चढला आणि २०२४ साली सात लाखांच्या वर गेला. आता चोर कुलूप फोडत नाही, फोन करतो. मुलगा किंवा पोलीस असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्यांनी २०२४ साली ७ हजार कोटी येनांहून अधिक रक्कम लांबवली. या टोळ्या समाजमाध्यमांवर ‘झटपट कमाई’ची आमिषं दाखवून पैसे उचलायला पोरं नेमतात. आता पैशांची चणचण असलेले परदेशी विद्यार्थीही त्या जाळ्यात सापडतात.

बायकांना दिसणारी सुरक्षितताही निराळी आहे. रात्री बारा वाजता एकटीनं घरी चालत येता येतं, हे खरं. सकाळी आठच्या गर्दीच्या गाडीत अंगाला हात लावणारे भेटतात, हेही खरं. बायकांसाठी राखीव डबे त्यासाठीच आले. तोक्यो पोलिसांच्या मोबाइल ॲपमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की ‘इथं विनयभंग होतो आहे, मदत करा’ असा मजकूर पडद्यावर येतो आणि न बोलता तो शेजाऱ्याला दाखवता येतो. असं बटण द्यावं लागतं, यावरूनच कळतं की किती जणी गप्प राहतात. लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात जुलै २०२३ मध्ये मोठे बदल झाले, संमतीचं वय १३ वरून १६ झालं. नोंदच न झालेला गुन्हा मात्र कोणत्याच आकडेवारीत येत नाही.

शेजार कमवावा लागतो

जपानमधल्या बहुतेक वस्त्यांत चोनाइकाई, म्हणजे मोहल्ल्याचं मंडळ असतं. कचऱ्याच्या जागेची झाडलोट, भूकंपाचा सराव, थंडीतली रात्रगस्त, उन्हाळी जत्रा ही त्याची कामं. कचरा चुकीच्या दिवशी ठेवला किंवा रात्री अकरानंतर मिक्सर लावला तर तक्रार बहुधा घरमालकाकडे जाते, कधी थेट ११० वर. परदेशी माणूस या मंडळाबाहेर राहिला तर त्याच्याबद्दलचं मत त्याच्या कचऱ्यावरून आणि आवाजावरून ठरतं. आत गेला तर त्याला नाव मिळतं. रस्त्यावर मिरवणूक काढायची तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते. ती मागायला गेलेल्या माणसाला ठाण्यातले लोक आधीपासून ओळखत असतील, तर काम सोपं होतं.

पण शेजार कमावण्याची सगळी जबाबदारी परक्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. वस्तीनं त्याला बोलावलं पाहिजे, आणि पोलिसानं त्याचा चेहरा नव्हे, त्याचं वागणं पाहून त्याला थांबवलं पाहिजे. कोबानची ताकद ओळखीत आहे. ज्याची ओळख करून घेतली जात नाही, त्याच्या वाट्याला त्याच व्यवस्थेची फक्त पाळत येते. कोणत्याही पोलीसव्यवस्थेची पारख तिथल्या सर्वांत अनोळखी, भाषा न येणाऱ्या माणसाला ती कसं वागवते यावरून करावी, असं मी ठामपणे म्हणेन.

ही पारख आपल्यालाही लागू आहे. मुंबई-पुण्यात घर भाड्यानं देताना भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवावी लागते. ज्यांची नोंद होते त्यांत बिहारचे गवंडी असतात, नेपाळचे पहारेकरी असतात, ईशान्य भारतातून आलेले विद्यार्थी असतात. तोक्योत आपल्या मुलाला रस्त्यात अडवलं की आपल्याला जे लागतं, तेच त्यांनाही इथं लागतं. त्यांच्या नावाचा कागद चौकीत पोचतो, पण चौकीतला माणूस आणि गल्लीतले आपण त्यांच्यापर्यंत किती वेळा पोचतो? परदेशात राहून आलेल्यांनी जपानच्या स्वच्छ रस्त्यांबद्दल भरपूर सांगितलं आहे. परका म्हणून तिथं जगताना काय हवंसं वाटलं, हे त्यांनी आता आपापल्या सोसायटीच्या बैठकीत सांगावं. सुरक्षित वस्ती घडवण्याचं काम तिथून सुरू करता येईल.